छताच्या खिडकीचं रबर

ज्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे, त्या दिवसांत आमच्या घरात दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे अण्णांचं घरी बसणं, आणि दुसरी छताला खिडकी असलेली मोटार. पहिलीची सवय घरात कुणालाच होईना आणि दुसरीची गल्लीत कुणाला. अण्णा म्हणजे माझे वडील. ते घड्याळांच्या सरकारी कारखान्यात होते. घड्याळ म्हटलं की लोकांना काटे आणि चक्रं आठवतात. अण्णांना आठवायची ती घड्याळाची केस, म्हणजे त्याचं धातूचं बाहेरचं घर, आणि त्या घराच्या झाकणाखाली बसणारं दोऱ्याएवढं बारीक रबरी कडं. तयार घड्याळ दाबाच्या पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडा येतो का ते पाहत राहायचं, हे त्यांचं काम. 'एक थेंब आत गेला की घड्याळ संपलं,' हे वाक्य मी बाराखडीच्या आधी ऐकलं असेन. पुढे कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचं वारं आलं, अण्णांच्या बरोबरीचे एकेक करून बाहेर पडले आणि शेवटी अण्णाही पडले. त्यांना जा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण थांबा असंही कुणी म्हटलं नाही, आणि तेच त्यांच्या मनाला लागलं.

बसवनगुडीतलं आमचं घर तसं बोलकं. आजोबांच्या काळापासून बंगळूरात राहिल्यामुळे आमच्या मराठीत कन्नड शब्द इतके मिसळलेले की पुण्याचे पाहुणे आले की आधी हसत आणि मग अर्थ विचारत. आईच्या स्वयंपाकाचंही तसंच. थालीपिठाबरोबर खोबऱ्याची चटणी, सांबारात गूळ, आणि पावट्याच्या दिवसांत, म्हणजे इथल्या अवरेकाळूच्या दिवसांत, परातीभोवती बसून दाणे सोलताना चाललेल्या सगळ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या. सकाळी कॉफीच्या फिल्टरवर चमचा आपटल्याचा टणटण आवाज, पलीकडच्या देवळातली घंटा, आणि मग कोपऱ्यावर कारखान्याची बस. ती बस अण्णा घरी बसल्यावरही यायची ती यायचीच. तिच्या आवाजाच्या आधी अण्णांची दाढी झालेली असे, इस्त्रीचा शर्ट अंगात असे, आणि बस गेली की ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसत. दुपारी जेवायला उठत आणि पुन्हा तिथंच. वर्तमानपत्र मांडीवर असे, पण पान उलटल्याचा आवाज येत नसे. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि पुढचं काही ठरलं नव्हतं, त्यामुळे दिवसभर हे बघायला घरात मी होतेच. मला त्या खुर्चीचा राग यायचा. माणसाचा राग करता येत नाही तेव्हा खुर्चीचा येतो.

गाडी आली ती मावशीच्या घरून. मावशीचे यजमान मस्कतला होते. तिथून परतताना त्यांनी आपली जपानी गाडी बोटीनं आणली, काही वर्षं इथं फिरवली आणि पुण्याला कायमचं राहायला जाताना ती आमच्या गळ्यात बांधली. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. त्यामुळे पुढची गाडी ओलांडताना समोरचं काही अण्णांना दिसायचंच नाही, दिसायचं ते उजवीकडे बसलेल्या आईला. आई खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता बघे आणि मोकळा असला तर 'सरी', म्हणजे ठीक, नसला तर 'बेडा', म्हणजे नको, असं म्हणे. अण्णा त्या दोन शब्दांवर गाडी हाकत. आईला गाडी येत नव्हती, पण निम्मी गाडी तीच चालवायची असं मी आजही म्हणते. आणि त्या गाडीच्या छताला काचेची खिडकी होती. एक छोटी मूठ फिरवली की काच मागे सरके आणि वर आभाळ दिसे. शेजारच्या शारदक्कांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "घराचं छप्पर गळू नये म्हणून आम्ही मरतोय, आणि तुम्ही मुद्दाम भोक पाडलेलं आणलंत."

शारदक्कांची जीभ काळी होती की काय कोण जाणे, पण छत गळायचंच. काचेभोवतीचं रबर उन्हानं कडक होऊन चिरा पडलेलं होतं. पावसात गाडी उभी राहिली की पुढच्या कोपऱ्यातून थेंब थेंब ठिपके आणि आईच्या बाजूच्या सीटवर पापडाएवढा ओला डाग पडे. त्यावर आम्ही जुना टॉवेल घालून ठेवला होता. अशात एक दिवस गंगाधरप्पा आले. त्यांचा बोम्मसंद्र्याला रबराचा छोटा कारखाना होता, घड्याळांची कडी ते वर्षानुवर्षं अण्णांच्या विभागाला पुरवत आणि अण्णा ती निर्दयपणे नापास करत. त्यातूनच दोस्ती झालेली. कॉफी पिता पिता ते म्हणाले, "सार, आता मोटारींची कामं येतायत. माल तपासायला माझ्याकडे तुमच्यासारखं कुणी नाही. तुम्ही या." अण्णा हसले आणि म्हणाले, "आता माझ्याकडून काय होणार, अप्पा. हात गंजले." गंगाधरप्पांनी आग्रह केला नाही. विचार करा म्हणाले आणि गेले. आई आत येऊन मला म्हणाली, "हे तिकडे गेले नाहीत तर त्या खुर्चीतच म्हातारे होतील गं." तिच्या आवाजात भीती होती. मलाही तीच भीती होती, फक्त मी ती बोलले नव्हते. अण्णा बोम्मसंद्र्याला जातील की खुर्चीत बसतील, एवढा एकच प्रश्न त्या महिन्यात आमच्या घरात होता. बाकी सगळं, गाडीसकट, त्याच्या अवतीभवती.

त्याच आठवड्यात मी टॉवेल वाळत घालताना मुद्दामच मोठ्यानं म्हटलं, "जपानी लोकांना एवढं साधं रबर टिकाऊ करता येऊ नये?" खुर्चीतून आवाज आला, "उन्हानं रबर मरतं, पुट्टी. जपानी असो की आणखी कुणी." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोकरी. विशी ओलांडली तरी मी पुट्टीच होते. थोड्या वेळानं अण्णा उठून गाडीपाशी आले, त्या रबराला अंगठ्याचं नख लावलं, चीर ताणून बघितली आणि वास घेतला. वास का घेतला ते मी विचारलं तर म्हणाले, जळका आला तर उन्हानं गेलं, आंबूस आला तर तेलानं. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. व्हरांड्यातली खुर्ची त्या दुपारी रिकामी होती, आणि आई दर थोड्या वेळानं काही ना काही कारण काढून दारात येऊन ती बघून जात होती.

जुनं रबर एका तुकड्यात निघेना. आईचं जुनं लाकडी उलथनं घेऊन अण्णांनी ते खरवडून काढलं, खालचा वाळलेला गोंद रॉकेलच्या फडक्यानं पुसला, आणि एक बरा तुकडा आडवा कापून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून साधी पट्टी दिसत होती, पण कापल्यावर आत एक पोकळ नळी, तिच्याखाली दोन पाय, आणि पायांना माशाच्या काट्यासारखे उलटे दात. "नळी दबते म्हणून पाणी अडतं, दात धरतात म्हणून पट्टी सुटत नाही," अण्णा म्हणाले. मला त्या चिमुकल्या तुकड्याचं फार नवल वाटलं. रोज डोक्यावर होता आणि आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. असलं रबर बंगळूरात मिळण्याची शक्यता नव्हती. जे.सी. रोडवरच्या दुकानांत आम्ही तो तुकडा दाखवत फिरलो, तर एकानं फ्रिजचं रबर पुढे केलं आणि दुसऱ्यानं गाडीच विकायचा सल्ला दिला. शेवटी तो तुकडा काडेपेटीत घालून आम्ही होसूर रोडनं बोम्मसंद्र्याला गेलो. आईच्या 'सरी' आणि 'बेडा'सकट.

गंगाधरप्पांच्या शेडमध्ये गरम रबराचा वास इतका दाट होता की बोललं तरी तोंडात जाई. यंत्राच्या तोंडातून काळी दोरी बाहेर पडत होती, टूथपेस्टच्या ट्यूबमधून यावी तशी, आणि पाण्याच्या लांब पन्हळीतून पोहत पलीकडे जात होती. मी तिच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. अण्णांनी तुकडा दाखवला. गंगाधरप्पा म्हणाले, "याच्या जवळचा एक साचा आहे, सार. पण नळी स्वल्प जाड येईल." अण्णांचे डोळे चमकले. "जाड चालेल. जास्त दाबेल." गंगाधरप्पाही खूश. "पाणी सोडा सार, हवासुद्धा जाणार नाही." दोघं शाळकरी पोरांसारखे हसले. दोघांचंही आयुष्य पाणी बाहेर ठेवण्यात गेलेलं, त्यामुळे त्या आनंदात कुणाला काही शंका यायचं कारणच नव्हतं. निघताना गंगाधरप्पांनी पुन्हा तेच विचारलं आणि अण्णा या वेळी नाही म्हणाले नाहीत. "हे एवढं नीट बसू दे, मग बघू," म्हणाले. परतीच्या वाटेवर आई इतकी आनंदात होती की एका लॉरीला तिनं जरा लवकरच 'सरी' म्हटलं.

रविवारी सकाळी रबर बसवलं. सुरुवात मागच्या कडेच्या मधोमध, म्हणजे जोड मागे राहील. पट्टी ताणायची नाही. ताणून बसवली तर पुढे आखडते आणि जोड उघडतो. कोपऱ्यावर तिला आपणहून वळू द्यायचं, अंगठ्यानं दाबत न्यायचं आणि वरून लाकडी हातोडीनं हलके ठोके. शेवटी तुकडा किंचित लांब कापायचा, म्हणजे दोन टोकं एकमेकांना ढकलत राहतात. मग चिकटवायचं आणि रबर काचेला धरू नये म्हणून वरून अंगाची पावडर. आईच्या पावडरचा डबा त्यात निम्मा संपला आणि गाडीला लग्नघरासारखा वास येऊ लागला. बसवण्याआधी अण्णांना एक गोष्ट दिसली होती. रबराच्या आतल्या बाजूला, छताच्या चौकटीत, चारी बाजूंनी पत्र्याची उथळ खाच होती आणि तिच्या चारी कोपऱ्यांत पेन्सिलीएवढी भोकं. मातीनं भरलेली. "हे बघ," अण्णा विजयी सुरात म्हणाले, "पाणी येतं ते इथून. गंजून पडलेली दिसतायत." त्यांनी चारही भोकं खरवडली आणि सिलिकॉनच्या लुकणानं नीट, सुबक, गुळगुळीत बुजवली. मी बॅटरी धरून बघत होते. मलाही ते बरोबरच वाटलं. घड्याळ तपासणाऱ्याच्या घरात भोक म्हणजे दोष, आणि दोष दिसला की बुजवायचा, यात विचार करण्यासारखं काय होतं?

मग परीक्षा. अण्णांनी रबर आणि काच यांच्यामध्ये कागदाची पट्टी घातली आणि ओढली. सगळीकडे सारखी अडकत येत होती. मी छतावर झारी रिकामी केली. आत एक थेंब नाही. शारदक्का कठड्यावरून बघत होत्या, त्यांनीही मान डोलावली. त्या रात्री अण्णा जेवताना स्वतःहून बोलले, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि मला वाटलं की झालं, जिंकलं.

पाऊस आला तो पुढच्या शनिवारी, आणि बंगळूरात येतो तसा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आला. सकाळी आत बघितलं तर सगळं कोरडं. अण्णांनी टॉवेलची घडी करून तो आईच्या हातात दिला, आता याची गरज नाही अशा थाटात. आम्हाला मल्लेश्वरमला एका ओळखीच्या घरी मुंजीला जायचं होतं. आईनं मोरपंखी कांजीवरम नेसली होती, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता. कोपऱ्यावरचा चौक आला, आडवी एक रिक्षा आली, अण्णांनी ब्रेक दाबला, आणि छताच्या पुढच्या कडेवरून तांब्याभर, नव्हे बादलीभर पाणी एकदम दोघांच्या अंगावर कोसळलं. नुसतं पाणी नाही, रॉकेलच्या वासाचं, दारातल्या करंजाची कुजकी फुलं असलेलं. मी मागे बसले होते म्हणून वाचले. मग आईला हसू फुटलं. गजऱ्यातून पाणी गळत होतं आणि ती पोट धरून हसत होती, "अहो, मुंज त्यांच्याकडे आणि स्नान आपल्याला." मीही हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी गाडी वळवली आणि घरी आणली. ओले कपडे बदलले आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्या दुपारी ते मला म्हणाले, "पुट्टी, गंगाधरप्पांना फोन करून सांग, मला जमणार नाही. जन्मभर दुसऱ्याचं रबर नापास केलं, मला स्वतःला एक लावता आलं नाही." आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. नुसता कंटाळा होता. मी बरं म्हटलं, आणि फोनजवळ गेले, आणि फोन लागत नाही असं सांगून परत आले. मला रडू येत होतं, पण रडण्यापेक्षाही एक गोष्ट डोक्यात किड्यासारखी वळवळत होती. जुनं फाटकं रबर असताना थेंब थेंब यायचं. नवं, जाड, चांगलं रबर लावल्यावर बादलीभर कसं आलं? जितकं चांगलं रबर तितकं जास्त पाणी, हे कुठल्या शास्त्रात बसतं? शिवाय रात्रभर आत कोरडं होतं. म्हणजे पाणी कुठेतरी साठून बसलं होतं. मी उठले आणि छत उघडून स्टुलावर उभी राहिले.

आई मागोमाग आलीच. तिनं खाचेत वाकून बघितलं, बोट फिरवलं. बोट ओलं झालं. "ही तर पन्हळ आहे," ती म्हणाली. "पत्र्याच्या छपराला असते तशी. मग पन्हळीला तोंड नको का? पाणी जायचं कुठून?" आम्ही दोघी एकदमच कोपऱ्यातल्या त्या सुबक, गुळगुळीत लुकणाकडे बघितलं. मोटार बनवणाऱ्यांनी ती भोकं मुद्दाम ठेवली असली तर? मी आईच्या केसांतल्या आकड्यानं पुढच्या एका कोपऱ्यातलं लुकण उकरून काढलं. आता पाणी ओतलं तर ते कुठे जातं हे कळायला हवं. मी शाई आणायला निघाले तर आई म्हणाली, "शाई बेडा, डाग जात नाही. हळद घे. हळद उन्हात उडते." तांब्यात हळद कालवली आणि थोडी थोडी खाचेत ओतली. पाणी भोकाशी जाऊन थांबलं, एक बुडबुडा आला, आणि पुढे जाईना. मग मी सायकलचा पंप आणला, त्याच्या नळीला चिंधी गुंडाळून ती भोकात दाबली आणि जीव खाऊन मारत राहिले. गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबात कुठेतरी घुर्र झालं, माणसाच्या पोटात होतं तसं. आई खाली गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाकडे बघत होती. "आलं," ती म्हणाली. पुढच्या दाराच्या बिजागरीखालून आधी कुजलेल्या फुलांचा काळा लगदा आला, मग वाळू. आपली तांबडी माती नव्हे, बारीक, फिकट, पिठासारखी वाळू. मस्कतची. एवढी वर्षं, एवढा समुद्र ओलांडून ती त्या नळीत बसून होती. आणि वाळूमागोमाग हळदीचं पिवळं पाणी आलं आणि फाटकासमोरच्या रांगोळीत शिरलं.

आता मी साठीकडे झुकले आहे आणि माझ्या भाचीच्या गाडीला अख्खं काचेचं छत आहे. बटण दाबलं की ते नवरीच्या शालूसारखं सुळकन मागे जातं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा तिला विचारलं, पाणी कुठून जातं गं याचं? तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. काचेचं छत कधीच पूर्ण बंद होत नसतं. सरकायचं तर थोडी ढिलाई लागतेच आणि थोडं पाणी आत येतंच. ते पन्हळीत पडून नळ्यांतून निमूट खाली जावं अशीच रचना असते. आमच्या नळ्या तुंबलेल्या होत्या म्हणून आधी ठिपकायचं, आणि आम्ही त्या बुजवल्यावर पन्हळीचा हौद झाला. एवढंच होतं. पण ते समजलं त्या क्षणी मला जो आनंद झाला, तसा पुढे परीक्षेच्या कुठल्या निकालानं झाला नाही.

पंपाच्या आवाजानं अण्णा बाहेर आले होते. मी घाबरले. त्यांची चूक मी काढली, असं त्यांना वाटलं तर? ते उकिडवे बसले, पिवळ्या पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला. "हळद?" मी मान हलवली. "किती घातलीस?" मी म्हटलं, चमचाभर. "फार पातळ. दोन घालायला हवी होती, नीट दिसलं असतं." मग त्यांनी वाळू चिमटीत घेतली, उन्हात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग एकदम उठले, माझ्या हातातला आकडा घेतला आणि उरलेली तीनही भोकं स्वतः उकरली. प्रत्येक नळीत हळदीचं पाणी ओतून ते कुठे निघतं ते गाडीभोवती फिरून बघितलं. मागच्या दोन नळ्या चाकांच्या मागे निघाल्या. एकीतून पाणी हळू येत होतं, तर ते पुन्हा पंप मारत बसले. इस्त्रीच्या शर्टाला पिवळे डाग पडले आणि आई पुढचा तांब्या कालवून देत राहिली.

हात धुऊन अण्णा सरळ फोनपाशी गेले. या वेळी फोन लगेच लागला. "गंगाधरप्पा, तुमच्या रबरात काही दोष नव्हता. पाण्याची वाट मीच बुजवली होती." पलीकडून काहीतरी आलं. "हो, मीच. भोक दिसलं, बुजवलं." आणि मग ते हसले, त्या चौकात हसायला हवे होते तसे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या? सरी. येतो." मी भिंतीला टेकून उभी होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "उद्या डब्याला सांबारभात चालेल?" अण्णा चालेल म्हणाले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्टूल ओढलं, फळीवरचा डबा काढला, झाकणाचं रबर बोटानं चाचपलं, नळाखाली डबा काठोकाठ भरून झाकण लावलं आणि तो मोरीवर उलटा धरला. आम्ही दोघीही वाकून बघू लागलो.

"गळला तर?" आई म्हणाली.

"गळला तर कुठून गळतो ते बघू," अण्णा म्हणाले.